कटर हाती देण्याआधी

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले आणि रायगडपासून दापोली-मंडणगडपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या, आंब्याच्या बागा, रस्त्याकडेची जुनी झाडे एका दिवसात आडवी झाली. वर्ष भरते न भरते तोच, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेले. दोन्ही वेळा वाटा मोकळ्या करायच्या होत्या, घरांवरची खोडे उतरवायची होती, विजेचे खांब पुन्हा उभे करायचे होते. अशा वेळी कुऱ्हाडीच्या भरवशावर बसून चालत नाही. पेट्रोलवर चालणारा चेनसॉ, म्हणजे कामगारांच्या तोंडी नुसता ‘कटर’, हेच मुख्य हत्यार ठरते. आता तो वाडीवाडीत पोचला आहे. तो चालवायला शिकवले कुणी, याचे उत्तर मात्र बहुतेक ठिकाणी सारखेच मिळेल: दुकानदाराने यंत्र सुरू करून दाखवले, पेट्रोलमध्ये तेल किती घालायचे ते सांगितले, बाकीचे काम करता करता आले. युरोपातल्या चेनसॉच्या प्रमाणपत्राला चार पायऱ्या आहेत. पहिलीत यंत्राची निगा आणि आडव्या लाकडाचे तुकडे, दुसरीत लहान झाडे पाडणे, तिसरीत मोठी आणि अवघड झाडे, आणि सगळ्यात शेवटी, चौथ्या पायरीवर, वादळाने पाडलेली व मोडलेली झाडे. आपला कामगार थेट चौथ्या पायरीवर उभा केला जातो. बागायतदार, लाकूड व्यापारी, ठेकेदार, मुकादम, ग्रामपंचायतीचे सदस्य आणि स्वतः कटर चालवणारे, अशा सगळ्यांना मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे: कटरच्या प्रशिक्षणाचा मोठा भाग झाडाचे प्रशिक्षण असतो, आणि ते वादळाआधी, पायरीपायरीने, काम देणाऱ्याच्या खर्चाने झाले पाहिजे.

झाडावर एवढा भर का, हे आकडे सांगतात. अमेरिकेत २०२२ मध्ये लाकूडतोड कामगारांच्या मृत्यूचे प्रमाण दर लाख पूर्णवेळ कामगारांमागे १००.७ होते; सर्व व्यवसाय मिळून हेच प्रमाण ३.७ होते. यंत्रे चांगली, नियम लेखी, असे असूनही हा धंदा तिथल्या सर्वांत जीवघेण्या धंद्यांपैकी एक आहे. या मृत्यूंचे मुख्य कारण म्हणजे अंगावर काहीतरी येऊन आदळणे: पडणारे झाड, तुटलेली फांदी, घरंगळणारा ओंडका. याउलट त्याच देशात २००९ ते २०१३ या काळात चेनसॉच्या जखमा घेऊन रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागात आलेल्यांचा अंदाजित आकडा १,१५,८९५ होता, आणि त्यांत सर्वाधिक जखमा हाताला, बोटांना व गुडघ्याला झालेल्या होत्या. म्हणजे कटर बहुधा माणसाला कापतो, आणि झाड त्याला ठार करते. दोन धोके वेगळे, त्यांवरचे उपायही वेगळे. ज्याला फक्त यंत्र येते तो पहिल्या धोक्यापासून थोडाफार वाचेल, दुसऱ्यापुढे तो अगदी उघडा असतो. शिवाय दुसरा धोका एकट्या चालकाला नसतो. दोर धरून उभा असलेला, फांद्या ओढणारा, ओंडके भरणारा मदतनीस तितकाच पल्ल्यात असतो, आणि त्याला तर कुणीच काही शिकवत नाही.

यंत्राकडे आधी पाहू, कारण सुरुवात तिथूनच करावी लागते. चेन पूर्ण वेगात असताना सेकंदाला २० मीटर किंवा त्याहून जास्त धावते. ज्या पट्टीवर ती फिरते तिच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग लाकडाला, दगडाला किंवा शेजारच्या फांदीला लागला की चेनचे दात तिथे अडकतात, आणि इंजिनची सगळी ताकद पट्टीला वर आणि मागे, म्हणजे चालकाच्या चेहऱ्याकडे आणि मानेकडे फेकते. या उसळीला लागणारा वेळ माणसाच्या प्रतिक्रियेपेक्षा कमी असतो. ‘मी सावध असतो’ या म्हणण्याला इथे अर्थ उरत नाही. म्हणूनच गेल्या शतकात सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून पुढच्या मुठीसमोर चेन ब्रेक बसवला जाऊ लागला. उसळी आली की मनगट त्या ढालीवर आपटते किंवा झटक्यानेच ब्रेक लागतो आणि चेन थांबते. पण हा ब्रेक भुश्याने आणि तेलाने चोंदतो, त्याचा पट्टा झिजतो. रोज काम सुरू करण्याआधी तो तपासायची सवय हा प्रशिक्षणाचा पहिला धडा हवा, आणि ब्रेक मोडलेला कटर त्या दिवशी कामावर जायचा नाही, हा दुसरा. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखालून पूर्ण वळसा घालून धरलेला असावा. तो वर मोकळा राहिला तर उसळीत हात सुटतो. कटर खांद्याच्या उंचीपेक्षा वर चालवायचा नाही. एका हाताने तर कधीच नाही, आणि शिडीवर उभे राहूनही नाही. झाडावर चढून कापणे ही स्वतंत्र विद्या आहे, तिला दोर आणि पट्ट्यांचे वेगळे शिक्षण लागते. जमिनीवरच्या प्रशिक्षणात ती उरकता येत नाही. सुरू करताना यंत्र जमिनीवर ठेवून, मागच्या मुठीत बुटाचा पुढचा भाग घालून, ब्रेक लावून दोरी ओढायची. हवेत कटर सोडत दुसऱ्या हाताने दोरी ओढण्याची पद्धत दिसायला सफाईदार, पण त्यात धावती चेन मांडीपासून वीतभर अंतरावर झुलत असते. अमेरिकेच्या लाकूडतोडीच्या नियमांत ती थेट निषिद्ध आहे.

धार हा सुरक्षिततेचाच भाग आहे, हे पुष्कळांना पटत नाही. धारदार चेन लाकडातून स्वतःहून आत जाते आणि ढलप्या टाकते. भुसा पिठासारखा पडू लागला की धार गेली असे समजावे. मग चालक अंगाचा भार देऊन यंत्र दाबू लागतो, आणि काप पूर्ण होऊन पट्टी अचानक मोकळी झाली की तोल जातो. बोथट चेनने दिवसभर काम केलेल्याच्या हातांना कंपही जास्त बसतो. वर्षानुवर्षे तो सोसला की थंडीत बोटे पांढरी पडतात, बधिर होतात, आणि हे नुकसान सहसा भरून येत नाही. म्हणून कानस मारणे, दातापुढच्या खुंटीची उंची राखणे, चेनचा ताण जुळवणे हे सगळे चालकाच्या हातात बसले पाहिजे. खुंटी जास्त घासली तर दात खोल चावतात आणि उसळी वाढते, एवढे कारण सांगितले की ते कायमचे लक्षात राहते. पेट्रोल भरायचे ते इंजिन बंद करून, थंड होऊ देऊन, आणि भरलेल्या जागेपासून तीन मीटर तरी दूर जाऊन मगच यंत्र सुरू करायचे. विडी-काडीबद्दल वेगळे सांगायला नको.

आता झाड. कटर सुरू होण्याआधी झाडाभोवती एक पूर्ण फेरी मारायची आणि ती मुकाट्याने मारायची नाही, जोडीदाराला मोठ्याने सांगत मारायची: झुकाव कुणीकडे, फांद्यांचा भार कोणत्या बाजूला, वर वाळलेली फांदी आहे का, शेजारच्या झाडाशी वेल किंवा फांद्या गुंतल्या आहेत का, बुंधा पोकळ वाजतो का, वारा कुठून आहे, विजेची तार कुठे आहे. मोठ्याने बोलण्याने दोन गोष्टी साधतात. नजरेतून सुटलेले दुसऱ्याच्या लक्षात येते, आणि मदतनिसाला झाड कुठे पडणार हे आधी कळते. जुन्या आंब्याचा बुंधा सरळ दिसला तरी सगळा भार एकाच बाजूच्या दोन फांद्यांत असू शकतो, आणि मग झाड बुंध्याच्या कलाप्रमाणे न पडता त्या फांद्यांच्या भाराने पडते. पुढे पळवाट. झाड ज्या दिशेला पाडायचे त्याच्या उलट बाजूला, तिरपी, साधारण ४५ अंशांची, दोन्ही अंगांनी एकेक. ती काम सुरू करण्याआधी कोयत्याने साफ करायची, कारण झाड हलू लागल्यावर करवंदीच्या जाळीतून कुणाला पळता येत नाही. थेट मागे पळायचे नाही. बुंधा बुडख्यावरून मागे सरकतो तो तिथेच. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतराच्या आत दुसरे कुणी काम करत नसावे, हा अमेरिकी नियम आपल्याकडे तसाच उचलावा असा आहे, कारण पडणारे झाड शेजारचे झाडही ओढू शकते. शेळ्या घेऊन आलेली मुले आणि बघ्यांची गर्दी या अंतरात येतात, हे धरून एक माणूस फक्त राखणीला ठेवावा.

मग येतो तो भाग, ज्यावर पाडणाऱ्याचे कौशल्य खऱ्या अर्थाने जोखता येते. दोरीने बुंध्याचा घेर घ्या आणि तीनाने भागा. साधारण व्यास मिळतो. घेर दीड मीटर, तर व्यास सुमारे ५० सेंटिमीटर. पाडायच्या दिशेला खाच घ्यायची ती या व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याइतकी खोल, म्हणजे १० ते १२ सेंटिमीटर, आणि तोंड निदान ४५ अंश उघडे. ७० अंश किंवा जास्त असेल तर उत्तम, कारण तोंड जितके उघडे तितका वेळ झाड ताब्यात राहते. खाचेचे वरचे आणि खालचे काप एकाच रेषेत भेटले पाहिजेत. एक काप दुसऱ्याला ओलांडून आत गेला तर पुढचे सगळे बिघडते. नंतर मागचा काप, खाचेच्या कोपऱ्याच्या पातळीला किंवा किंचित वर, आणि तो आरपार न नेता मध्ये लाकडाची एक सलग पट्टी राखायची: व्यासाच्या दहाव्या हिश्श्याइतकी, इथे ५ सेंटिमीटर. ही पट्टी दाराच्या बिजागरीसारखी काम करते. झाड तिच्यावर वळते, तिच्याच दिशेला पडते, आणि ती तुटेपर्यंत बुंधा जागा सोडत नाही. आपल्याकडे घाईत नेमकी हीच पट्टी कापून टाकली जाते, ‘पूर्ण तुटू दे’ म्हणून. ती तुटली की झाड पुढे, मागे, बाजूला कुठेही जाऊ शकते आणि चालकाच्या हातात काही उरत नाही. मागचा काप थोडा आत गेला की त्यात पाचर ठोकायची, प्लास्टिकची किंवा लाकडाची. लोखंडी पाचरीला धावती चेन लागली तर दात उडतात. पुढे जोरात झुकलेल्या झाडात आणखी एक धोका असतो. मागून काप येत असताना बुंधा उभा चिरतो, चिरलेला अर्धा भाग मागे उसळतो आणि चालकाच्या छातीच्या उंचीवर येतो. निलगिरीसारख्या झाडाच्या आतच ताण असतो, त्यामुळे ते असे फाटायला सोकावलेले असते. अशा झाडात कटरची पट्टी मधून आरपार घालून आतून मागे कापत यायचे आणि शेवटी मागे राखलेले थोडे लाकूड तोडायचे, ही पद्धत आहे. पण ती पट्टीच्या टोकाशी खेळणारी असल्यामुळे उसळीचे शिक्षण पक्के झाल्यावरच शिकवावी. माडाचे खोड आणखी निराळे. त्याची बाहेरची कड टणक आणि गाभा मऊ असतो, त्यामुळे आंब्या-फणसावर शिकलेली बिजागरी तिथे तशीच धरेल असे समजू नये. दोर लावून, मोकळ्या बाजूला, सावकाश पाडावा.

प्रशिक्षण झाले की नाही हे कागदावर पाहू नका, बुडख्यावर पाहा. झाड गाडीत भरून गेले तरी बुडखा मागे राहतो आणि कापणाऱ्याने काय काय केले ते त्यावर उमटलेले असते. खाच किती खोल होती, तिची तळरेषा सपाट होती की तिरकी, मागचा काप कोणत्या उंचीवर आला, बिजागरीची जाडी दोन्ही टोकांना सारखी होती की एका बाजूला पाचर झाली होती, हे पाच मिनिटांत वाचता येते. बिजागरी एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला शून्य, तर झाड जाड बाजूकडे ओढले गेले असणार. बिजागरी अजिबातच नाही, तर झाड नीट पडले ते निव्वळ नशिबाने. बुडख्यावर उभी फाटलेली खपली राहिली असेल तर बुंधा चिरत गेला होता आणि तो माणूस थोडक्यात वाचला आहे. बागायतदाराला किंवा मुकादमाला स्वतःला कटर चालवता येण्याची गरज नाही. दिवसाच्या शेवटी मोजपट्टी घेऊन दहा बुडखे पाहिले आणि चालकाला शेजारी उभे करून विचारले, तरी त्याच्या कामाची प्रत कळते आणि त्याला ती कुणीतरी पाहते आहे हेही कळते. मला विचाराल तर कुठल्याही दिखाऊ प्रमाणपत्रापेक्षा ही परीक्षा मोलाची आहे, आणि तिला पैसे लागत नाहीत.

वादळी झाडांचे मात्र सगळे गणित बदलते. उभ्या झाडात भार कुठे आहे ते दिसते. पडलेल्या, वाकलेल्या, एकमेकांवर रचलेल्या झाडांत ताण दडलेला असतो. आडवे खोड दोन्ही टोकांना टेकलेले आणि मध्ये अधांतरी असेल, तर त्याची वरची बाजू दबलेली आणि खालची ताणलेली असते. आधी वरून, दबलेल्या बाजूने, तिसऱ्या हिश्श्यापर्यंत कापायचे आणि मग खालून पूर्ण करायचे. एकच टोक टेकलेले आणि दुसरे लोंबते असेल, तर नेमके उलटे: आधी खालून, मग वरून. चुकीच्या बाजूने सुरुवात केली तर पट्टी चिमटीत अडकते किंवा खोड फाटून झटकते. दाबून धरलेली कोवळी, लवचीक फांदी सगळ्यात फसवी. ती सुटली की अंगावर येते, म्हणून तिच्या वळणाच्या आतल्या बाजूने थोडे थोडे लाकूड काढत ताण उतरवायचा. मुळासकट उपटलेल्या झाडाचा बुंधा कापला की मातीसकट उभी राहिलेली मुळांची ताटली परत खड्ड्यात आदळू शकते किंवा कापणाऱ्याच्या अंगावर कलंडू शकते. तिला आधी दोराने किंवा विंचने बांधायचे, आणि खड्ड्यात किंवा ताटलीमागे कुणी नाही, मूलही नाही, हे स्वतः जाऊन पाहायचे. दुसऱ्या झाडात अडकून राहिलेल्या झाडाखाली जायचे नाही, ज्याने ते धरले आहे ते झाड कापायचे नाही, वर चढून मोकळे करायचे नाही. ते लांबून ओढून काढायचे, आणि साधन नसेल तर दोरी बांधून, लोकांना हटवून, उद्यावर टाकायचे. तारांच्या बाबतीत महावितरणच्या माणसाने पुरवठा बंद केल्याचे सांगितल्याशिवाय हात लावू नये, आणि आसपासच्या घरांतला इन्व्हर्टर किंवा जनित्र उलटी वीज सोडत नाही ना, हेही विचारावे. वादळानंतर गावाला घाई असते, घरात अंधार असतो, नेतेमंडळी उभी असतात. ‘आज नाही’ म्हणण्याचा अधिकार कटर चालवणाऱ्याकडे आहे हे सरपंचाने सगळ्यांसमोर आधीच सांगून ठेवावे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: पिढ्यान् पिढ्या आमची माणसे झाडे पाडत आली, त्यांना काय शिकवणार? या अनुभवाचा मान राखूनच उत्तर दिले पाहिजे. सागाचा, ऐनाचा, फणसाचा स्वभाव जाणणारी नजर हे मोठे भांडवल आहे, आणि चांगला प्रशिक्षक तिथूनच सुरुवात करेल. पण कुऱ्हाड झाडाला वेळ देते. घाव घालताना माणूस सरळ उभा असतो, कान उघडे असतात, लाकडाची पहिली करकर ऐकू येते आणि दोन पावले मागे सरायला अवकाश मिळतो. कटरचा आवाज शंभर डेसिबलच्या वर असतो, त्यात ती करकर बुडते. माणूस वाकलेला असतो, आणि घावाघावाने जे अर्ध्या तासात घडत होते ते मिनिटाभरात घडते. जुना अनुभव खरा आहे, फक्त तो ज्या गतीवर उभा होता ती गती गेली. म्हणून अनुभवी माणसालाच आधी शिकवावे. तो शिकला की टोळीतले बाकीचे शिकतात. तो हसण्यावारी नेतो तिथे कुणीच शिकत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मे महिन्याच्या दमट उकाड्यात जाड संरक्षक पँट आणि हेल्मेट घालून काम करणार कसे, आणि त्याचा खर्च कोण देणार? उकाड्याची तक्रार खोटी नाही. थकलेला, अंगातले पाणी कमी झालेला माणूस चुका करतो, आणि घामाने भिजवून त्याला आणखी थकवणे ही सुरक्षितता म्हणता येत नाही. पण पायावरचे ते कापड काय करते हे माहीत असावे. त्याच्या थरांत लांब धागे असतात; चेन लागली की ते ओढले जाऊन चक्रात गुंततात आणि चेन थांबते. आंतरराष्ट्रीय मानकात त्याच्या श्रेणी चेनच्या वेगावर ठरतात, आणि पहिली श्रेणी सेकंदाला २० मीटरची आहे. पूर्ण पँटऐवजी फक्त पुढून पाय झाकणारे, मागे पट्ट्यांनी बांधायचे संरक्षक घेतले तर मागून हवा लागते. यंत्र चालू असेल तेवढा वेळच ते बांधायचे, काम पहाटेपासून अकरापर्यंत आणि मग उतरत्या उन्हात करायचे, तासातासाला सावली आणि पाणी, असे वेळापत्रक ठेवले तर ते सोसवते. बॅटरीवरचे ताकदवान कटर घेतले असतील तर हे धागे त्यांना तितक्या लवकर थांबवतीलच असे नाही, त्यामुळे विकत घेताना विचारावे. लुंगी, सैल शर्ट, गळ्यात उपरणे आणि पायात चप्पल घेऊन मात्र कटर चालवू देऊ नये. इथे तडजोड नको. खर्चाचे म्हणाल तर स्वस्त कटरइतका किंवा त्याहून जास्त पैसा या साहित्यावर जाऊ शकतो, हे कबूल. मग कटरच्या किमतीतच हा खर्च धरा. तो परवडत नसेल तर कटर परवडत नाही. एक इशारा मात्र देतो. साहित्य घेऊन प्रशिक्षण टाळणे हे उलट्या क्रमाचे आहे. फांदी डोक्यात पडली तर हेल्मेट मदत करते, बुंधा अंगावर आला तर काहीच मदत करत नाही.

तिसरा आक्षेप ठेकेदार सहसा उघड बोलत नाहीत: कामगार आज माझ्याकडे, उद्या दुसऱ्याकडे, मी त्याला शिकवून काय मिळवू? आणि बागायतदाराचा त्याला जोड: ठेका दिला, आता माझा संबंध काय? १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याने आपल्या धंद्याच्या कामासाठी ठेकेदार लावणाऱ्या मूळ मालकालाही ठेकेदाराच्या मजुराबाबत जबाबदार धरले होते. म्हणजे हा संबंध तुटत नाही हे आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी मान्य झाले. पण केवळ कायद्याच्या भीतीने हे काम होणार नाही. जिथे ते झाले तिथे सर्वांनाच सारखी अट लागली म्हणून झाले. ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांसोबतच्या आचारसंहितेनुसार झाडांवर चेनसॉने काम करणाऱ्याकडे क्षमतेचे प्रमाणपत्र अपेक्षित आहे. स्वीडनमध्ये जानेवारी २००५ च्या गुडरुन वादळाने एका रात्रीत सुमारे साडेसात कोटी घनमीटर लाकूड आडवे केले आणि ते आवरताना माणसे दगावली. पुढे तिथे व्यावसायिक चेनसॉ चालवणाऱ्याने लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही शिक्षणाचा पुरावा देणे २०१५ पासून बंधनकारक झाले. कामगार दुसरीकडे गेला तरी त्याचे शिक्षण त्याच्याबरोबर जाते, आणि तुमच्याकडे येणारा नवा माणूसही शिकलेला येतो. हे सगळ्यांनी मिळून करायचे काम आहे, म्हणून ग्रामपंचायत, बागायतदारांच्या सहकारी संस्था आणि लाकूड व्यापारी यांनी एकाच तालुक्यात एकच अट लावली तर त्यात कुणाचेच नुकसान होत नाही.

शिकवणार कोण? दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात वनशास्त्राचे महाविद्यालय आहे, तालुक्यांत आयटीआय आहेत, वन विकास महामंडळाला १९७४ पासूनचा सागतोडीचा अनुभव आहे, पुण्याजवळ राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आहे जिला वादळी झाडे हटवण्याचा सराव असतो. यांपैकी कुणाकडेही मागणी न करता ‘सोय नाही’ म्हणणे बरोबर नाही. मागताना काय मागायचे ते मात्र ठाऊक हवे. माझ्या मते सलग चार-पाच दिवसांपेक्षा कमी प्रशिक्षण घेऊ नये. पहिले दोन दिवस यंत्र, धार आणि जमिनीवरचे लाकूड. पुढचे लहान, सरळ झाडांवर, प्रत्येकाने स्वतः, एका प्रशिक्षकामागे चार-पाच जणांपेक्षा जास्त नाहीत. ताणातले लाकूड शिकवायला वादळाची वाट पाहावी लागत नाही. वाकवून बांधलेल्या फांद्यांवर ते सुरक्षितपणे दाखवता येते. मदतनीस आणि मुकादम यांना निम्मा वेळ तरी सोबत बसवावे. प्रथमोपचाराला अर्धा दिवस द्यावा, कारण मांडीची मोठी रक्तवाहिनी कापली गेली तर काही मिनिटांतच माणूस हातचा जातो. जाड कापडाने घट्ट दाब, आणि हातापायाच्या जखमेला थांबत नसेल तर वर आवळपट्टा, हे प्रत्येकाच्या हाताने करून घ्यावे. १०८ ला फोन करताना वाडीचे नाव, जवळची खूण आणि गाडी कुठवर येते हे सांगता आले पाहिजे. ज्या रानात फोन लागत नाही तिथे तो कुठे लागतो हे सकाळीच पाहून ठेवावे. एकट्याने कटर चालवायचा नाही. दरवर्षी एक दिवस उजळणी व्हावी, आणि ज्याने वर्षभर झाड पाडलेले नाही त्याला पुन्हा लहान झाडांपासून सुरुवात करू द्यावी.

हे सगळे अमलात आणायची जागा म्हणजे ठेक्याचा कागद, आणि वेळ म्हणजे मार्च-एप्रिल, पावसाळ्याआधीची छाटणी सुरू होते तेव्हा. त्या कागदात पुढच्या गोष्टी लिहून घ्या: कटर कोण कोण चालवणार त्यांची नावे आणि ते कुठे शिकले ते, साहित्य कोण पुरवणार, टोळीत किमान किती माणसे, प्रथमोपचाराची पेटी कुणाकडे, पाऊस, जोराचा वारा किंवा अंधार पडल्यावर काम थांबणार आणि त्या दिवसाची मजुरी कापली जाणार नाही. दर झाडावर ठरवू नका, दिवसावर ठरवा, निदान मोठ्या आणि धोक्याच्या झाडांपुरते तरी. झाडागणिक पैसे मिळत असतील तर पळवाट साफ करायला कुणी थांबत नाही. शहरात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली आणि गावात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली जिथे परवानगी लागते तिथे ती आधी काढा, म्हणजे मध्येच कुणी अडवले म्हणून अर्धे कापलेले झाड उभे ठेवून जायची वेळ येणार नाही. वादळ आल्यावर लागणाऱ्या माणसांची नावे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मेच्या पहिल्या आठवड्यात लागलेली असावीत, आणि त्या यादीत फक्त तेच असावेत ज्यांचे बुडखे कुणीतरी पाहिले आहेत.